वचन आणि रोजचा दिवस : बायबल-मननाच्या वाटा

बायबल वाचणे आणि बायबलचे मनन करणे या ख्रिस्ती परंपरेत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाचताना मजकूर समजून घ्यायचा असतो. मनन करताना तोच मजकूर वाचणाऱ्याच्या आजच्या दिवसाशी भिडवायचा असतो. याची पहिली उदाहरणे खुद्द बायबलमध्येच आहेत. नहेम्याच्या पुस्तकातल्या आठव्या अध्यायात बंदिवासातून परतलेले लोक यरुशलेमेच्या पाणीवेशीसमोर जमतात. एज्रा शास्त्री लाकडी मंचावरून पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचतो आणि लेवी लोकांना त्याचा अर्थ उलगडून सांगतात. ऐकणारे रडू लागतात, तेव्हा त्यांना सांगितले जाते की आज शोक करू नका. घरी जा, गोडधोड खा आणि ज्यांच्या घरी काही शिजलेले नाही त्यांना वाटा पाठवा. लूकच्या चौथ्या अध्यायात येशू नासरेथच्या सभास्थानात यशयाची गुंडाळी उघडतो, दीनांसाठी सुवार्ता आणि बंदिवानांसाठी सुटका सांगणारा भाग वाचतो आणि हे आज पूर्ण झाले असे म्हणतो. दोन्ही प्रसंगांत शेकडो वर्षांपूर्वीचे शब्द आजच्या दिवसाला येऊन लागतात आणि तिथून उपाशी व बांधलेल्या माणसापर्यंत जातात. मननाच्या पद्धती पुढे अनेक आल्या. त्या पारखायची कसोटी मात्र या दोन प्रसंगांतच आहे.

पहिल्या काही शतकांतल्या आचार्यांपुढचा मोठा प्रश्न होता, की एका उताऱ्याला किती अर्थ असू शकतात. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या ऑरिजेनने शास्त्राला माणसाप्रमाणे शरीर, जीव आणि आत्मा असतो असे मांडले. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला जॉन कॅसियनने चार अर्थांची रीत समजावताना यरुशलेमचेच उदाहरण घेतले. इतिहासात ते यहुद्यांचे शहर, रूपकाने ख्रिस्ताची मंडळी, नीतीच्या दृष्टीने माणसाचा जीव आणि आशेच्या दृष्टीने स्वर्गीय नगरी. ही रीत मध्ययुगभर चालली आणि तिच्यातून कल्पनेचे बरेच इमलेही उभे राहिले. त्यांना आवर घालणारा नियम ऑगस्टीनने ‘ख्रिस्ती शिकवणुकीविषयी’ या ग्रंथात आधीच घालून दिला होता. जो अर्थ देवावरची आणि शेजाऱ्यावरची प्रीती वाढवत नाही, तो कितीही विद्वत्तेने काढलेला असला तरी काढणाऱ्याला शास्त्र समजलेले नाही, असा त्याचा आशय. बायबल-मननाविषयी गेल्या सोळाशे वर्षांत जे लिहिले गेले त्यात याहून नेमका निकष क्वचितच सापडेल.

मनन ही रोजची शिस्त झाली ती मठांमध्ये. सहाव्या शतकातल्या बेनेडिक्टच्या नियमावलीत शेतकाम आणि पवित्र वाचन यांच्या वेळा शेजारीशेजारी लावून दिल्या आहेत. उपवासकाळाच्या आरंभी प्रत्येक मठवासीयाला एक पुस्तक द्यावे आणि त्याने ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत क्रमाने वाचावे, असा त्यात दंडकच आहे. बाराव्या शतकात दुसरा ग्वीगो या कार्थुसियन मठाधिपतीने या वाचनाच्या चार पायऱ्या सांगितल्या : वाचन, मनन, प्रार्थना आणि निवांत दर्शन. त्या काळी वाचन पुटपुटत होई, तोच भाग पुनःपुन्हा ओठांवर येई आणि शेवटी पाठ होई. शेतात राबताना किंवा भांडी घासताना तो आतल्या आत चालू राही. मनन म्हणजे काम सोडून करायची वेगळी गोष्ट, अशी समजूत या परंपरेत नव्हती.

बायबलचे अध्याय आज दिसतात तसे तेराव्या शतकाच्या सुरुवातीला स्टीफन लँग्टनने पाडले. नव्या करारातल्या वचनांना क्रमांक दिले ते १५५१मध्ये रॉबर्ट एस्तिएन या मुद्रकाने. शोधायला सोपे जावे म्हणून केलेल्या या व्यवस्थेने वाचनाची सवयच बदलली. पत्र पत्र म्हणून आणि गोष्ट गोष्ट म्हणून वाचण्याऐवजी एकेक वचन सुटे करून खिशात ठेवता येऊ लागले. त्याच शतकात मार्टिन ल्यूथरने बायबल लोकांच्या जर्मन भाषेत आणले; नवा करार १५२२मध्ये आणि संपूर्ण बायबल १५३४मध्ये. शास्त्राभ्यास प्रार्थना, मनन आणि कसोटीचा काळ या तिहींनी पुरा होतो, असे त्याने लिहिले. संकटात न तावलेले वाचन त्याच्या लेखी अर्धवट होते. कॅथलिक बाजूला इग्नेशियस लोयोलाच्या आध्यात्मिक साधनांना १५४८मध्ये पोपची मान्यता मिळाली. त्यात साधक शुभवर्तमानातल्या प्रसंगात कल्पनेने शिरतो : रस्ता किती रुंद आहे, गोठा किती बसका आहे, कोण काय बोलते आहे. मग त्या जागी उभा राहून तो स्वतःच्या आयुष्यातला निर्णय घेतो.

घरोघरी पोचलेल्या दैनिक मननाचे मूळ जर्मनीतल्या हेर्नहुट गावी आहे. तिथे मोरेव्हियन निर्वासितांना झिंझेनडॉर्फ या सरदाराने आश्रय दिला होता. १७२८पासून तिथे रोज एक वचन घरोघर सांगण्याची प्रथा पडली आणि १७३१साठी ती वचने प्रथम छापली गेली. ही वार्षिक पुस्तिका आजही पन्नासहून अधिक भाषांत निघते. जुन्या करारातले वचन चिठ्ठ्या टाकून निवडतात आणि त्याला साजेसे नव्या करारातले वचन शोधून जोडतात. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये स्क्रिप्चर युनियनने मुलांसाठी वाचनाची कार्डे काढली. विसाव्या शतकातल्या पुस्तकांपैकी ऑस्वाल्ड चेंबर्सचे १९२७चे दैनंदिन मनन सर्वांत टिकले. ते त्याच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी पत्नीने तिच्या लघुलिपीतल्या टिपणांवरून तयार केले होते. त्यातली काही भाषणे पहिल्या महायुद्धात कैरोजवळच्या छावणीत सैनिकांपुढे झालेली होती. तारखेखाली एक वचन, त्याखाली पानभर विचार आणि शेवटी छोटी प्रार्थना असा या प्रकाराचा साचा आता जगभर ठरून गेला आहे. रोजच्या धबडग्यात तो सोयीचा आहे. मात्र त्यात वचनापुढचा-मागचा मजकूर क्वचितच येतो.

कॅथलिक घरांत सामान्य माणसाने बायबल हाती घेण्याला खरे बळ दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने दिले. १८ नोव्हेंबर १९६५च्या दस्तऐवजात सर्व श्रद्धावंतांना शास्त्रवाचनाचा आग्रह आहे. १९६९मध्ये मिस्सेसाठी रविवारच्या वाचनांचे तीन वर्षांचे चक्र ठरले आणि पुढे अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांनीही तशीच रचना स्वीकारली. याचा साधा फायदा असा की उतारा धर्मगुरूच्या आवडीवर राहत नाही. न आवडणारा भागही समोर येतो आणि त्यावर बोलावे लागते. दक्षिण आफ्रिकेतल्या लुम्को संस्थेने लहान समूहांसाठी सात पायऱ्यांची पद्धत तयार केली आणि ती आशियाभर पसरली. शेजारपाजारची आठ-दहा कुटुंबे जमतात, उतारा वाचतात, मनाला भिडलेला शब्द मोठ्याने उच्चारतात, गप्प बसतात, अनुभव सांगतात आणि उठण्यापूर्वी या आठवड्यात कोणते काम करायचे ते ठरवतात. मुंबई परिसरातल्या धर्मग्रामांतही असे लहान ख्रिस्ती समूह जमतात.

मराठीत बायबल-मनन आले ते ओवीतून. इंग्लंडहून आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स या जेझुइटाचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६मध्ये गोव्यात राशोल इथे छापले गेले. जवळपास अकरा हजार ओव्या, दोन पुराणे, पहिल्यात जुना करार आणि दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र. पुराणे हातची गेलेल्या नव्या ख्रिस्ती लोकांना त्यांच्या जागी ऐकायला काही हवे, ही मागणी ग्रंथाच्या आरंभीच येते. म्हणजे उताऱ्याचे मनन कोणत्या रूपात लोकांच्या अंगवळणी पडेल, याचा विचार मराठीत पहिल्या दिवसापासून होता. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्यांमध्ये अहमदनगर भागात ख्रिस्ती कीर्तन रुजले. पूर्वरंगात तत्त्व आणि उत्तररंगात आख्यान ही कीर्तनाची घडण बायबलच्या उताऱ्याला चपखल बसली. १८४२मध्ये सुरू झालेल्या ‘ज्ञानोदया’ने त्याला छापील जोड दिली.

कवी नारायण वामन टिळकांना बायबल मिळाले ते आगगाडीत, १८९३मध्ये, एका अनोळखी सहप्रवाशाकडून. वाचायचे ते अथपासून इतिपर्यंत, खुणा करत, असा त्यांचा बेत होता. पण मत्तयातल्या डोंगरावरील प्रवचनापाशी ते अडकले आणि तिथून त्यांना पुढे सरकवेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यापायी घरात काय उलथापालथ झाली हे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त आहे. बायबलच्या वाचनाने एका संसाराचे काय होते याचा इतका प्रांजळ दस्तऐवज दुसऱ्या कुठल्या भाषेत असेल असे वाटत नाही. टिळकांच्या अभंगांत उताऱ्याचा दाखला सहसा उघड नसतो. वचन मुरते आणि मग मराठी भक्तीच्या बोलीत वर येते.

पंडिता रमाबाईंचे वाचन वेगळ्या जातीचे आहे. १८८३मध्ये त्या इंग्लंडमध्ये वाँटेजच्या भगिनींकडे राहत होत्या. लंडनजवळ फुलहॅम इथे ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांना भगिनी मायेने सांभाळतात हे त्यांनी पाहिले. भारतात अशा स्त्रीच्या वाट्याला काय येते ते त्यांनी जवळून पाहिले होते. असे कशामुळे करता, असे त्यांनी विचारले, तेव्हा एका भगिनीने त्यांना योहानाच्या चौथ्या अध्यायातली विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. पाच नवरे झालेली, भरदुपारी एकटी पाण्याला आलेली ती बाई. येशू तिच्याकडे पाणी मागतो आणि खऱ्या उपासनेविषयीचे आपले सर्वांत खोल बोलणे तिच्याशी करतो. रमाबाईंनी आधी कृती पाहिली आणि मग त्या कृतीमागचा उतारा ऐकला. हा क्रम फार महत्त्वाचा आहे. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये अशा स्त्रियांसाठी कृपासदन उभे राहिले ते त्या एका अध्यायाचे भाष्यच म्हणायला हवे. आयुष्याच्या अखेरच्या काळात त्यांनी हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण बायबल साध्या मराठीत उतरवले. अशिक्षित बाईला कळले पाहिजे ही त्यांची अट होती. छपाईचे कामही मुक्तीतल्या स्त्रियाच करत. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या, तेव्हा भाषांतर पूर्ण झालेले होते.

एकच उतारा शतकानुशतके कसा वेगवेगळा वाचला गेला हे पाहायचे तर लूकच्या दहाव्या अध्यायातली चांगल्या शोमरोन्याची गोष्ट घ्यावी. यरुशलेमेहून यरीहोला उतरणारी वाट सुमारे २७ किलोमीटरची आहे आणि तेवढ्यात ती जवळपास एक हजार मीटर खाली जाते. आजूबाजूला उजाड डोंगर आणि दडायला भरपूर जागा. लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेल्या माणसाला याजक आणि लेवी वळसा घालून जातात. शोमरोनी थांबतो, जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, आपल्या जनावरावर घालून त्याला उतारशाळेत नेतो आणि दोन दीनार देऊन, जास्त लागले तर परतताना देईन असे सांगतो. ऑगस्टीनने याचे पूर्ण रूपक केले : जखमी माणूस म्हणजे आदाम, लुटारू म्हणजे सैतान, शोमरोनी ख्रिस्त, उतारशाळा मंडळी आणि तिचा मालक म्हणजे पौल. १८८८मध्ये आडोल्फ युलिशर या अभ्यासकाने या पद्धतीवर हल्ला चढवला. दृष्टांताला एकच मुद्दा असतो, प्रत्येक तपशिलाला अर्थ चिकटवू नये, असे तो म्हणाला. अभ्यासकांचा कौल बहुतांशी त्याच्या बाजूने गेला. तरी ऑगस्टीनच्या रूपकात एक मोल आहे. तिथे वाचणारा स्वतःला दात्याच्या जागी ठेवत नाही. तो रस्त्यावर पडलेला असतो.

आजची प्रवचने बहुधा हीच गोष्ट परोपकाराचा धडा म्हणून सांगतात. मूळ गोष्ट त्याहून पुष्कळ बोचरी आहे. यहुदी आणि शोमरोनी यांचे वैर पिढ्यान्‌पिढ्यांचे होते. इ.स.पूर्व दुसऱ्या शतकाच्या अखेरीस यहुदी शासक योहान हिर्कानने गरिज्जीम डोंगरावरचे शोमरोन्यांचे मंदिर पाडले होते. लूकमध्ये आदल्याच अध्यायात एका शोमरोनी गावाने येशूला थारा दिला नाही, म्हणून शिष्य त्या गावावर आकाशातून अग्नी मागायला निघतात. आणि लगेच पुढच्या अध्यायात गोष्टीचा नायक शोमरोनी. माझा शेजारी कोण, असे विचारणाऱ्या शास्त्र्याला येशू उलट विचारतो की तिघांपैकी शेजारी कोण ठरला. उत्तर देताना शास्त्री शोमरोनी हे नाव तोंडावर आणत नाही. ज्याने दया केली तो, एवढेच म्हणतो. तेव्हा या उताऱ्याचे मनन करणाऱ्याने आधी शोधायचे असते ते हे, की आपल्या गावात, आपल्या इमारतीत कोणत्या जातीच्या वा धर्माच्या माणसाकडून मदत घेणे आपल्याला जड जाईल. ३ एप्रिल १९६८ रोजी मेम्फिसमध्ये कचरा उचलणाऱ्या कामगारांच्या संपासाठी बोलताना मार्टिन ल्यूथर किंगने हीच वाट समोर उभी केली. याजकाला भीती वाटली असेल की थांबलो तर माझे काय होईल. शोमरोन्याने प्रश्न उलटवला की मी थांबलो नाही तर याचे काय होईल, अशी त्याची मांडणी होती. दुसऱ्या दिवशी किंगची हत्या झाली.

सुट्या वचनांची गोष्ट वेगळी. भिंतीवरच्या तसबिरीत आणि मोबाइलवरच्या शुभेच्छांत यिर्मयाचे २९व्या अध्यायातले अकरावे वचन हमखास असते : देवाच्या मनात तुमच्याविषयी हिताचे संकल्प आहेत, या अर्थाचे. परीक्षेला बसणाऱ्या किंवा नोकरी शोधणाऱ्या मुलाला ते धीर म्हणून दिले जाते. पण हा अध्याय म्हणजे बाबेलला नेलेल्या बंदिवानांना लिहिलेले पत्र आहे आणि आधीचेच वचन सांगते की सुटका सत्तर वर्षांनी होईल. म्हणजे ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना ती दिसणार नव्हती. तोवर घरे बांधा, मळे लावा आणि ज्या शत्रूच्या शहरात आहात त्याचे भले इच्छा, असे पत्रात सांगितले आहे. संदर्भासकट वाचले तर या वचनातला दिलासा उणावत नाही. तो एका मुलाच्या निकालापुरता न राहता नातवंडांपर्यंत जातो. फिलिप्पैकरांस पत्रातले, मला सर्व काही शक्य आहे या आशयाचे वचनही असेच. खेळाडू ते विजयासाठी मिरवतात. पौलाने ते तुरुंगातून लिहिले, भरपूर असण्यात आणि उपाशी राहण्यात सारखेच समाधान राखायला शिकलो असे सांगताना. ९१वे स्तोत्र साथीच्या काळात घराघरांत म्हटले जाते, आणि भ्यालेल्या माणसाने ते म्हणावेच. त्यासोबत एवढे लक्षात ठेवावे की मत्तयाच्या चौथ्या अध्यायात याच स्तोत्राचा दाखला सैतान देतो, मंदिराच्या टोकावरून उडी टाकायला सांगण्यासाठी. संरक्षणाचे अभिवचन बेफिकिरीची सनद होऊ शकते, याची नोंद शुभवर्तमानातच आहे.

तरीही सुटे वचन नेहमी चुकीच्याच जागी लागते असे म्हणता येणार नाही. नाझींना विरोध करणाऱ्या डीट्रिख बॉनहोफर या जर्मन धर्मशास्त्रज्ञाने फिंकेनवाल्डेच्या पाठशाळेत विद्यार्थ्यांना एकच छोटा उतारा आठवडाभर रोज अर्धा तास मननाला दिला होता. प्रवचनाची तयारी म्हणून तो वाचायचा नाही अशी सक्त ताकीद होती. १९३९च्या जूनमध्ये तो न्यूयॉर्कला सुरक्षित होता आणि जर्मनीला परतावे की नाही या घालमेलीत होता. २६ जूनला त्याच्या वाचनात तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातली, हिवाळ्याआधी ये ही साधी विनंती आली. पौलाने ती तीमथ्याला केली होती. बॉनहोफरने दैनंदिनीत लिहिले की ती मला उद्देशून आहे असे मी मानले तर तो शास्त्राचा गैरवापर होणार नाही. जुलैत तो परतला आणि ९ एप्रिल १९४५ रोजी त्याला फाशी झाली. इथे वचन संदर्भाबाहेर काढले आहे हे खरे. पण ते काढणाऱ्याला त्याने सोयीकडून जोखमीकडे नेले. आपल्या पथ्यावर पडणारे वचन आणि आपल्याला महागात पडणारे वचन यांतला हा फरक मननाच्या पुस्तकांत अधिक मांडला जायला हवा.

पैसा आणि मजुरी यांविषयीच्या उताऱ्यांत हा फरक चटकन दिसतो. मत्तयाच्या २०व्या अध्यायातला द्राक्षमळ्याचा मालक पहाटेपासून दिवस मावळायच्या तासाभर आधीपर्यंत चौकातून माणसे कामावर घेत राहतो आणि सगळ्यांना एकेक दीनार देतो. एक दीनार म्हणजे एका कुटुंबाचा दिवस निभेल एवढी मजुरी. शेवटी आलेल्यांना, दिवसभर इथे का उभे राहिलात असे विचारले, तर ते सांगतात की आम्हाला कोणी कामावर घेतलेच नाही. मुंबई-पुण्याच्या मजूरनाक्यांवर सकाळी दहानंतरही उभी राहिलेली माणसे ज्याने पाहिली आहेत त्याला हे उत्तर नवे नाही. जॉन रस्किनने याच दृष्टांतातून आपल्या अर्थशास्त्रीय निबंधांचे शीर्षक घेतले, ‘अन्टू धिस लास्ट’. १९०४मध्ये जोहान्सबर्ग ते दरबान प्रवासात गांधींनी ते पुस्तक वाचले आणि त्यातून फिनिक्सची वसाहत उभी राहिली. १९०८मध्ये त्याचा गुजराती सारांश त्यांनी ‘सर्वोदय’ नावाने दिला. तो शब्द विनोबांच्या हातून महाराष्ट्रात घरोघर पोचला; विनोबांनी ‘ख्रिस्तधर्म-सार’ही संपादित केले. एका दृष्टांताच्या मननाचे इतके दूरवर गेलेले फळ दुर्मीळच.

याच्या दुसऱ्या टोकाला समृद्धीचा संदेश आहे. मलाखीच्या तिसऱ्या अध्यायातले दशांशाचे वचन सांगून, आधी द्या म्हणजे दुपटीने मिळेल, अशी हमी दिली जाते. कर्जात बुडालेले कुटुंब त्या हमीवर आणखी देते. त्याच अध्यायात पाच वचने आधी देवाचा आरोप आहे, मजुराची मजुरी बुडवणाऱ्यांवर आणि विधवा, अनाथ व परके यांना नाडणाऱ्यांवर. अनुवाद या पुस्तकाच्या १४व्या अध्यायाप्रमाणे तिसऱ्या वर्षीचा दशांश याच लोकांच्या पोटासाठी होता. पाच वचने मागे जायचे टाळले की गरिबासाठीची तरतूद गरिबाच्याच खिशातून वसूल होते. हा निव्वळ वाचनातला दोष आहे असे म्हणून सोडून देता येत नाही. त्यात माणसे लुबाडली जातात.

दुःखाच्या बाबतीत मननाची परंपरा बायबलपेक्षा भित्री राहिली आहे. १५० स्तोत्रांपैकी एक तृतीयांशाहून अधिक विलापाची आहेत. त्यांतली बहुतेक शेवटी विश्वासाकडे वळतात, पण ८८वे अंधारातच संपते. वॉल्टर ब्रूगमन या अभ्यासकाने १९८४मध्ये दाखवले की सुस्थितीची, कोलमडण्याची आणि नव्याने सावरण्याची अशी स्तोत्रे असतात आणि मंडळ्या मधली टाळून पहिली-तिसरी गातात. ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर सगळे ठीक होते. बोलायला लागल्यावर त्यांनी त्याच्या दुःखाला कारणे पुरवली, आणि शेवटच्या अध्यायात देव त्यांनाच सुनावतो की तुम्ही माझ्याविषयी नीट बोलला नाहीत. मूल गमावलेल्या घरी भेटायला जाणाऱ्याने हा एक अध्याय वाचून जावे. देवाने चांगल्यासाठीच केले असेल, हे वाक्य मग जिभेवर येणार नाही.

कोण वाचतो यावर काय दिसते ते अवलंबून असते. १८०७मध्ये लंडनला वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी निवडक बायबल छापले गेले. त्यातून मिसरच्या दास्यातून सुटण्याची कथा वगळली होती. धन्याच्या आज्ञेत राहायला सांगणारी वचने होती. पण कथा कानोकानी पोचतेच, आणि मोशेची गाथा गुलामांच्या गाण्यांचा कणा झाली. हॉवर्ड थर्मन हा कृष्णवर्णीय धर्मशास्त्रज्ञ लहानपणी गुलामीत जन्मलेल्या आजीला बायबल वाचून दाखवत असे. पौलाची पत्रे ती वाचू देत नसे; अपवाद प्रीतीवरच्या अध्यायाचा. मोठेपणी त्याने कारण विचारले. धन्याचा पाद्री नेहमी पौलाचेच, दासांनी आज्ञा पाळावी हे वचन सांगे, म्हणून सुटका झाली तर तो भाग पुन्हा वाचायचा नाही असे तिने ठरवले होते. तिला अक्षरओळख नव्हती, पण ऑगस्टीनचा निकष तिने आपल्या परीने लावला होता. निकाराग्वात सोलेंतिनामे बेटांवर एर्नेस्तो कार्देनाल या धर्मगुरूने प्रवचनाऐवजी कोळी-शेतकऱ्यांशी शुभवर्तमानावर चर्चा केल्या, त्यांचे पुस्तक झाले. भारतात १९८१मध्ये बंगळूरच्या व्याख्यानातून अरविंद निर्मळ यांनी दलित धर्मशास्त्राची दिशा मांडली. त्यांचा आधार अनुवाद या पुस्तकाचा २६वा अध्याय होता. पहिल्या पिकाची टोपली वेदीपुढे ठेवताना इस्राएली माणसाने म्हणायचे असते की माझा पूर्वज भटका होता, आम्हाला मिसरात छळले, आमचा आक्रोश देवाने ऐकला. निर्मळ म्हणतात की दलित ख्रिस्ती माणसाचा पूर्वज तर भटक्याहूनही वाईट स्थितीत होता, आणि त्याने आपला इतिहास असाच देवापुढे मोठ्याने सांगावा. मुंबईच्या ईस्ट इंडियन वस्त्यांत आगेरा सणाला नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये नेतात. त्याचाही पाया पहिल्या पिकाच्या याच अर्पणात आहे. एकाच परंपरेत कृतज्ञता आणि दास्याची आठवण जोडलेली आहे, आणि दोन्हींना वाचक मराठी मुलखातच भेटतात.

पृथ्वीविषयीच्या वाचनाला १९६७मध्ये धक्का बसला. लिन व्हाइट या इतिहासकाराने उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातली पृथ्वी सत्तेखाली आणण्याची आज्ञा पर्यावरण-संकटाच्या मुळाशी आहे असा आरोप केला. त्यावर दुसऱ्या अध्यायाकडे लक्ष गेले, जिथे माणसाला बागेची मशागत आणि राखण करायला ठेवले आहे. पोप फ्रान्सिस यांच्या २०१५च्या पत्राचा हा एक आधार आहे. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हे वाचन त्याआधी बरीच वर्षे जगून दाखवले. बागायत आणि पाणी वाचवण्याच्या हरित वसईच्या लढ्यात ते होते, ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक होते आणि ‘सुबोध बायबल’ही त्यांनीच मराठीत आणले. २०२०च्या धाराशिव (तेव्हाचे उस्मानाबाद) साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.

स्त्रियांच्या बाबतीत प्रश्न केवळ चुकीच्या अर्थाचा नाही, न वाचल्या जाणाऱ्या उताऱ्यांचाही आहे. इफिसकरांस पत्रातले पत्नीने पतीच्या अधीन असावे हे वचन लग्नात हमखास वाचतात. त्याच्या लगेच आधीचे, एकमेकांच्या अधीन असा हे वचन अनेक छापील प्रतींत मथळ्याच्या पलीकडे पडते. रविवारच्या वाचनांच्या चक्रांत शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकातला १३वा अध्याय येत नाही. तामार या राजकन्येवर तिचा सावत्र भाऊ अत्याचार करतो, सख्खा भाऊ तिला गप्प राहायला सांगतो आणि बाप दावीद संतापतो पण काही करत नाही. १९८४मध्ये फिलिस ट्रिबल या अभ्यासक स्त्रीने हागार, तामार, इफ्ताहाची मुलगी आणि शास्ते पुस्तकातली अनाम उपपत्नी यांच्या कथा पुन्हा वाचायला लावल्या. दक्षिण आफ्रिकेत पीटरमारित्झबर्गच्या उजामा केंद्रात गेराल्ड वेस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तामारेच्या अध्यायावर सामूहिक अभ्यास सुरू केला. उतारा मोठ्याने वाचला जातो, मग लहान गटांत प्रश्न दिले जातात : या घरातला प्रत्येक पुरुष काय करतो, तामार काय बोलते, आपल्या मंडळीत अशा स्त्रिया आहेत का आणि त्यांच्यासाठी इथे कोणती सोय आहे. शेवटच्या प्रश्नाला प्रत्येक गटाने कृतीचा आराखडा द्यायचा असतो. ज्या मंडळ्यांत या विषयावर कधीच बोलले गेले नव्हते, तिथे या अध्यायामुळे स्त्रिया बोलू लागल्या, आणि हे काम पुढे तामार मोहीम म्हणून आफ्रिकेतल्या इतर देशांत गेले.